‘आजीच्या हातचं’ म्हणजे नेमकं कोणाच्या हातचं?

दसरा झाला रे झाला, की आपल्याकडे आठवणींचा सेल लागतो. ‘आजीच्या हातची चव’, ‘बालपणीची दिवाळी’, ‘परंपरेला आधुनिक टच’, ‘प्रेमाने, घरगुती पद्धतीने बनवलेलं’ वगैरे वगैरे. नानकटाईचा डबा घ्या, त्यावर नऊवारीतली आजी. खणाचा आकाशकंदील घ्या, त्याच्या टॅगवर नऊवारीतली आजी. पैठणीच्या काठाचा कुर्ता घ्या, तिथेही तीच आजी, हसतेय आपली. ह्या आजीला रॉयल्टी कोण देतं कोण जाणे!

आता कुणी म्हणेल, ह्यात तुझं काय जातं? लोकांना जुनं आठवतं, बरं वाटतं, दोन पैसे जास्त देऊन ते वस्तू घेतात. घेऊ देत की. मलाही जुनं आठवतं आणि बरंही वाटतं. पण ह्या आठवणींच्या बाजारात एक गोष्ट दरवर्षी बिनबोभाट होते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वस्तू ज्या माणसाने बनवली, तो पुसला जातो. त्याच्या जागी एक गोड चेहऱ्याची काल्पनिक आजी बसवली जाते. आणि ह्या पुसापुशीला आपण शिकले-सवरलेले, पगारदार लोक ‘संस्कृती जपणं’ असं भारदस्त नाव देतो. माझा आक्षेप ह्या नावाला आहे.

नुसतं मोघम बोलण्यात अर्थ नाही, म्हणून तीन वस्तू घेऊन बोलतो. नानकटाई, साडी आणि फराळ.

नानकटाई

घरी बेकिंग करण्याची सध्या जी लाट आहे, तिच्यात नानकटाईला मोठा मान आहे. ओटीजीमधून ट्रे बाहेर काढायचा, खाली पितळी ताट, बाजूला एक झेंडूचं फूल, फोटो. खाली ओळ : आजीची रेसिपी, अगदी तश्शीच!

तश्शीच? मला सांगा, आजीकडे ओव्हन होता?

मुंबई-पुण्यातल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या बहुतेक घरांमध्ये ओव्हन हा प्रकारच नव्हता. गॅसची शेगडी, त्याआधी रॉकेलचा स्टोव्ह. मग नानकटाई व्हायची कुठे? तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत. रवा, मैदा, पिठीसाखर, वेलची आणि डालडा अशी सगळी सामग्री पिशवीत भरून न्यायची, नंबर लावायचा. काही ठिकाणी पीठ घरून मळून न्यायचे, काही ठिकाणी बेकरीवालाच मळून द्यायचा. मग काळ्याकुट्ट पत्र्यांवर गोळे मांडायचे, वर बोटाने खळगा, त्यात चारोळी किंवा पिस्त्याचा तुकडा. भाजून झालं की किलोवर भाजणावळ द्यायची आणि गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी. दिवाळीआधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत ह्या रांगा लागायच्या. ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या बेकरीतला वास अजून आठवत असेल.

आता ह्या कहाणीतलं सगळ्यात कठीण काम कुणाचं? इंजिनियरिंगच्या भाषेत बोलू. विटांची भट्टी म्हणजे प्रचंड उष्णता साठवणारं भांडं. लाकूड जाळून ती तापवायची, निखारे बाजूला करायचे आणि मग साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. आधी पाव, कारण त्याला जास्त ताप लागतो. भट्टी उतरत आली की बिस्किटं, नानकटाई, टोस्ट. तिथे थर्मोस्टॅट नाही, डिस्प्ले नाही. कोणता पत्रा किती आत सरकवायचा, कधी फिरवायचा, कुठली जागा जास्त तापते हे सगळं त्या लांब दांड्याचं फावडं धरणाऱ्या माणसाच्या डोक्यात. शिवाय चाळीस घरांची चाळीस पिठं. कुणी तूप जास्त घातलंय, कुणी साखर. प्रत्येक पत्रा वेगळा वागणार, आणि तरी एकही जळता कामा नये, कारण समोर मालकीण उभी आहे!

हा माणूस कोण होता? बहुधा उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर. बेकरीचा मालक कुठे इराणी, कुठे मुसलमान, कुठे गोव्याकडचा ख्रिश्चन. पाव हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि नानकटाईतला ‘नान’ फार्सी. म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात जी नानकटाई असायची ती अशा भट्टीतून आणि अशा हातांतून आलेली होती, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ही खरी आठवण आहे, आणि ती ‘आजीची रेसिपी’ ह्या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त श्रीमंत आहे. आपण मात्र तिच्यातून बेकरी काढून टाकली, रांग काढून टाकली, भट्टीवाला काढून टाकला. उरली आजी आणि ओटीजी.

चवीचंही तेच. ती जी ‘जुनी चव’ म्हणून आपण उसासे टाकतो, ती बऱ्याच घरांत साजूक तुपाची नव्हतीच. ती पिवळ्या डब्यातल्या, वर हिरवं ताडाचं झाड असलेल्या डालड्याची होती. डालडा १९३७ साली बाजारात आला. तुपापेक्षा स्वस्त, टिकाऊ, आणि फेटल्यावर हवा छान धरून ठेवणारा. खुसखुशीतपणाचं श्रेय बरंचसं त्याचं. त्यातले ट्रान्स फॅट हृदयाला वाईट हे नंतर कळलं, आणि जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. चांगलंच झालं. पण मग ‘शुद्ध साजूक तुपातली, अगदी आजीच्या वेळची’ असं लिहिणारे काय विकतायत? जी चव कधी नव्हती तिची आठवण! ही मार्केटिंगची कमाल मानली पाहिजे.

आणि तो भट्टीवाला आज कुठे आहे? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला, की मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं. लगेच हळहळ सुरू झाली. आता लाकडाच्या भट्टीची ती चव मिळणार नाही, एक युग संपलं, इत्यादी. मला ह्या हळहळीचा मनापासून राग येतो. तो धूर सगळ्यात आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो. तो थांबायलाच हवा. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : भट्टी बदलायचा खर्च, त्या काळात बुडणारी कमाई, जागेचा प्रश्न, हे सगळं एका पावाच्या लादीवर दोन-पाच रुपये सुटणाऱ्या छोट्या बेकरीवाल्याने कसं निभवायचं? त्या दोन-पाच रुपयांनी लादी महागली की पहिली बोंब कोण मारणार? अहो, आपणच. आठवण फुकट असते तोवर आपली, बिल आलं की दुसऱ्याचं.

साडी

सणासुदीच्या फॅशनचं काय सांगावं. नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग घ्या. आज ऑफिसात त्या रंगाचे कपडे न घालणारा माणूस पाखंडी समजला जातो. ही ‘परंपरा’ मराठी वर्तमानपत्रांनी २००० नंतर रुजवली. मला त्यात काही गैर वाटत नाही, लोकलमध्ये एका रंगाचा डबा दिसला की मजाच येते. फक्त तिला पुरातन म्हणू नका, एवढंच.

पण पैठणीची गोष्ट इतक्या हसण्यावारी नेता येत नाही. ‘ओरिजिनल पैठणी, शंभर टक्के सिल्क, फक्त दोन हजार चारशे नव्व्याण्णव’ अशा पाट्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. जरा साधा हिशोब करू. हातमागावरच्या पैठणीचा काठ आणि पदर टॅपेस्ट्री पद्धतीने विणतात. म्हणजे नक्षीतल्या प्रत्येक रंगाला वेगळी कांडी. विणकर एका रंगाचा धागा त्याच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या रंगात गुंतवतो, परत फिरवतो. बांगडी-मोर असो, मुनिया असो नाहीतर आसावली, ती अशी धाग्याधाग्याने भरली जाते. साध्या पदराला काही आठवडे, भरगच्च पदराला कित्येक महिने, कधी वर्षसुद्धा. रेशमाचा भाव किलोला हजारांत. आता अडीच हजारात रेशीम, जर, विणकराची मजुरी, व्यापाऱ्याचा नफा, दुकानाचं भाडं आणि ती ऑफर, हे सगळं बसवून दाखवा. नाही बसत. ती साडी यंत्रमागावरची असते, आणि पुष्कळदा तिच्यातलं रेशीमही नावापुरतं.

ओळखायचं कसं? पदर उलटा करून बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत काठ आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रमागावर जॅकार्डने काढलेल्या नक्षीच्या मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. दुकानदार ते झाकायला मागून जाळी लावून देतात. दुसरं, सिल्क मार्क दाखवून कुणी ‘बघा, ओरिजिनल’ म्हणालं तर गप्प बसू नका. २००४ पासून मिळणारा सिल्क मार्क फक्त एवढंच सांगतो की धागा शुद्ध रेशमाचा आहे. तो कुठल्या मागावर विणला हे तो सांगत नाही. त्यासाठी २००६ पासून वेगळा हातमाग मार्क आहे. ह्या दोन लेबलांमधला फरक विकणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. घेणाऱ्याला नसतो, आणि त्याच फटीत सगळा धंदा चालतो.

येवला आणि पैठण इथल्या पैठणीला २०१० पासून भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय आहे. हातमागासाठी काही प्रकारचं कापड राखून ठेवणारा कायदा तर १९८५ सालचा आहे. म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित. आणि प्रत्यक्षात? चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) देशभरात सुमारे पस्तीस लाख हातमाग कामगार मोजले गेले, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका. आणि साधारण दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत. पुन्हा वाचा. महिन्याचं, अख्ख्या कुटुंबाचं. आपल्यातले काही जण तेवढ्यात एका शनिवारी रात्री चौघांचं जेवण करून येतात.

इथे एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो मला टाळायचा नाही. यंत्रमागाने पैठणी स्वस्त केली म्हणून तर घरकाम करणारी बाई, शिपायाची बायको, कॉलेजची मुलगी मोराचा पदर मिरवू शकते. पूर्वी ती चैन फक्त सावकाराच्या आणि सरदाराच्या घरी होती. मग ह्यात वाईट काय? काहीच नाही! मी तर म्हणतो यंत्रमागाची साडी ताठ मानेने नेसा. तो यंत्रमाग चालवणाराही बारा-बारा तास उभा असतो, त्याचंही पोट आहे. माझं म्हणणं एवढंच, की तिला यंत्रमागाची म्हणून विका आणि यंत्रमागाची म्हणून घ्या. नक्कल स्वस्त आहे म्हणून येवल्याचा विणकर मरत नाही. नक्कल त्याच्या नावाने विकली जाते म्हणून तो मरतो. कारण मग खरी पैठणी दाखवली की गिऱ्हाईक म्हणतं, “अहो, हीच तिकडे अडीच हजाराला मिळते की!” आणि त्या बिचाऱ्याच्या सहा आठवड्यांच्या कामाची किंमत त्या एका वाक्यात शून्य होते.

खणाचंही असंच चाललंय. खण म्हणजे चोळीचं कापड. ते मुख्यतः विणलं जातं कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड गावात. महाराष्ट्र त्याचा पिढ्यान् पिढ्यांचा गिऱ्हाईक. गेल्या काही वर्षांत मात्र खणाचं नशीब फळफळलं. खणाचे कंदील, खणाची तोरणं, खणाचे कानातले, खणाच्या डायऱ्या, एवढंच काय खणाची लॅपटॉपची पिशवीसुद्धा. कल्पना सुंदर आहेत, दाद द्यायलाच हवी. पण त्यातला पुष्कळसा ‘खण’ पॉलिएस्टरचा आणि यंत्रावरचा असतो, आणि टॅगवर गुळेदगुड्डचं नावही नसतं. ‘अस्सल मराठमोळं’ एवढं असतं. आता पैठणीचं रेशीम बरंचसं बंगळुरूहून येतं, जर सुरतेहून, खण गुळेदगुड्डहून. आपलं मराठमोळेपण अर्ध्या देशाने मिळून विणलंय आणि ह्याचा मला अभिमान वाटतो. ते लपवायचं कशाला?

आयटीवाल्यांना समजेल असं सांगतो. आपण कोडची एक ओळ बदलली तरी तिच्यावर आपलं नाव आणि तारीख कायमची चिकटते. गिट ब्लेम मारलं की कुणी काय लिहिलं ते लख्ख दिसतं. दुसऱ्याची ओपन सोर्स लायब्ररी वापरली तर लायसन्सची फाईल आणि कॉपीराईटची ओळ जशीच्या तशी ठेवावी लागते. ती काढून टाकली तर आपण त्याला चोरी म्हणतो, वाद घालतो, रात्र रात्र जागून लांबलचक उत्तरं लिहितो. अप्रेझलच्या वेळी तर ‘हे मॉड्यूल मी केलं होतं’ ह्यावरून काय महाभारत होतं ते सांगायला नको. मग तीच माणसं सहा आठवडे खपून केलेल्या पदरावर करणाऱ्याचं नाव नाही ह्याबद्दल एक शब्द का काढत नाहीत? नाव लिहायला असा काय खर्च येतो? एक चिठ्ठी : कुणी विणली, कुठे विणली, किती दिवस लागले. ‘डिझायनर’चं नाव तर लेबलवर ठळक असतं. मग विणणाऱ्याचं लिहायला जागा कशी पुरत नाही?

फराळ

सगळ्यात नाजूक विषय शेवटी. ‘आजकालच्या मुलींना काही करायला नको. सगळं विकतचं. आमच्या आईने कधी बाहेरची चकली घरात येऊ दिली नाही.’ हे वाक्य बोलणारा नव्वद टक्के वेळा पुरुष असतो (टक्केवारी माझ्या मनाची, पण तुम्हीही मोजून बघा :) ).

मी एकदा अनारशांचं गणित कागदावर मांडलं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग निथळून सावलीत कापडावर पसरायचे. ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे. गूळ घालून मळायचे आणि गोळे करून काही दिवस मुरवत ठेवायचे. मग खसखशीवर थापून मंद आचेवर एकेक तळायचा, तोही उलटायचा नाही आणि जाळी पडली पाहिजे. तूप जरा जास्त तापलं तर विरघळला, पीठ जरा सैल झालं तर पसरला. हा एक पदार्थ. त्याच्या बाजूला चकलीची भाजणी : तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ धुवा, वाळवा, वेगवेगळी भाजा, दळून आणा. मग करंज्यांचा साटा, शंकरपाळे, लाडू, शेव, चिवडा. शिवाय रोजचा स्वयंपाक काही बंद नसतो! ह्याला आपल्या धंद्यात महिनाभराचा क्रंच म्हणतात, आणि तो केल्यावर निदान कॉम्प-ऑफ मागतात.

आणि हे जुन्या काळापुरतं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. तेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आधीच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांचीही नऊ. वाटणी जिथल्या तिथेच! तेव्हा ‘आईच्या हातच्या’ फराळाची ज्याला खूप आठवण येते त्याने आधी त्या २८९ मिनिटांतली चाळीस-पन्नास आपल्या अंगावर घ्यावीत. चकलीचा सोऱ्या फिरवायला पदवी लागत नाही.

‘प्रेमाने केलेलं’ हा शब्दप्रयोग मला म्हणूनच खटकतो. प्रेम होतंच, मी नाकारत नाही. पण प्रेम म्हटलं की मजुरीचा प्रश्न संपतो, आणि तो संपावा म्हणूनच हा शब्द इतका आवडीने वापरतात. हीच युक्ती आता फराळ विकणाऱ्या बायकांवर चालते. कुणी काकू घरून चकल्या करून देतात. भाव किलोला अमुक. लगेच आपण : “काकू, घरगुतीच ना, मग एवढे?” म्हणजे घरगुती म्हणून चव जास्त हवी आणि घरगुती म्हणूनच पैसे कमी! मॉलमधल्या डब्यावरचा भाव कुणी कमी करायला सांगत नाही.

खरं तर महाराष्ट्राला ह्याचं उत्तर कधीच सापडलेलं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नसते, ती सभासद आणि भागीदार असते, नफ्यात तिचा वाटा असतो. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या ह्या बायका सावकाराच्या कर्जात रुतलेल्या होत्या, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ह्या दोन्ही ठिकाणी माल ‘घरगुती’च होता. पण बायकांना तिथे मायेच्या मूर्ती करून डब्यावर छापलं नाही, त्यांना हिशोबाच्या वहीत घेतलं. मला वाटतं, आपल्या परंपरेतली अभिमानाने सांगावी अशी गोष्ट कुठली असेल तर ही आहे.

आणि विकतच्या फराळाने संस्कृती बुडते म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पुण्यात दी पूना मर्चंट्स चेंबर कित्येक वर्षं ना नफा ना तोटा तत्त्वावर दिवाळीचे लाडू-चिवडा विकतं आणि त्यासाठी रांगा लागतात. पुण्याची संस्कृती अजून तरी बुडालेली दिसत नाही. (बुडली असती तर पुणेकरांनी पाटी लावली असती.)

मग करायचं काय?

मी काही कुणाला चरखा घेऊन बसायला सांगत नाही. आपल्याला वेळ नाही, जागा नाही, आणि प्रत्येक गोष्ट हातची घेण्याएवढे पैसे आपल्यातल्याही सगळ्यांकडे नाहीत. यंत्राची वस्तू यंत्राची म्हणून घेण्यात काडीची लाज नाही. ओटीजीत नानकटाई करण्यात तर मुळीच नाही, उलट घरातल्या पोराटोरांना घेऊन केली तर धमाल येते. तिला ‘माझी नानकटाई’ म्हणा, आजीला सोडा.

पण जिथे आपण ‘हातचं’ म्हणून जास्त पैसे मोजतो, तिथे हात कुणाचा हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि माझ्या मते ते आपलं कामही आहे. दुकानात शिरल्यावर भाव विचारतो तसं, सहज : कुणी विणलं, कुठे विणलं, किती दिवस लागले? बांबूच्या कामट्यांचा कंदील घेतला तर तो बुरूड आळीतून आला की कुठून? मठारकामाचं तांब्याचं भांडं ‘डिझाईन पीस’ म्हणून चौपट भावाला घेतलं तर कसबा पेठेच्या तांबट आळीतल्या ठोकणाऱ्याला त्यातले किती मिळाले? दुकानदाराला उत्तर माहीत असेल तर फारच छान. माहीत नसेल तर तो पुढच्या वेळी माहिती काढून ठेवेल, कारण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार सुधारतो. बाजाराला आपली भाषा कळत नाही असं नाही, आपणच चुकीचे प्रश्न विचारतो. ‘ह्यात दुसरा रंग आहे का’ ह्यापलीकडे आपला प्रश्न जातच नाही.

उत्तर मिळालं की मग घासाघीस करायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला वाटतं, समोरच्याचं नाव आणि त्याचे दिवस एकदा कळले की ती आपोआप कमी होते. अनोळखी हाताशी भाव करणं सोपं असतं.

आणि पुढच्या वेळी कुठल्या डब्यावर, टॅगवर, कंदिलावर ती नऊवारीतली आजी हसताना दिसली, तर तिला ओलांडून पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. तिथे फक्त कंपनीचा पत्ता असेल, तर हसणाऱ्या आजीचे जादा पैसे देऊ नका.